क्लासिकल गिटारचं संगीत ॲनॉलॉग मॉड्यूलर सिंथवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गिटार शिकणाऱ्यांकडून येतात, सिंथ जमवणाऱ्यांकडून येतात, आणि दोन्ही हातात असूनही दोघांची गाठ कशी घालायची हे न कळलेल्यांकडूनही येतात. जिथे काम खरोखर अडतं, तिथे उत्तर लांबलं आहे.

मॉड्यूलर सिंथवर गिटारचं संगीत वाजवायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

मॉड्यूलर सिंथमध्ये प्रत्येक कामाला वेगळं मॉड्यूल असतं. व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर) सूर काढतो, फिल्टर त्याची धार कमी-जास्त करतो, व्हीसीए (व्होल्टेजवर चालणारा ॲम्प्लिफायर) आवाज उघडतो-मिटवतो, आणि हे सगळं किती वेळात घडावं ते एन्व्हलप ठरवतो. ही मॉड्यूल्स वायरींनी जोडायची. त्या जोडणीला पॅच म्हणतात. सगळा कारभार व्होल्टेजवर चालतो: एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे एका अर्ध्या सुराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. आज बहुतेकांकडे युरोरॅक या मापाचा सिंथ असतो. डीटर डोप्फर यांनी जर्मनीत १९९०च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० मालिका आणली आणि हे माप रुळलं.

या यंत्रावर सोर, तारेगा, व्हिला-लोबोस या गिटारसाठी लिहिणाऱ्या रचनाकारांच्या रचना नोटेशनवरून उभ्या करायच्या, हे आपलं काम. गिटारचे रेकॉर्ड केलेले सॅम्पल कळफलकावर वाजवणं यात येत नाही.

असं आधी कुणी केलंय का?

शास्त्रीय संगीत मॉड्यूलरवर आणण्याचा रस्ता वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये बाखच्या रचनांनी मोकळा केला. त्यांच्याकडचा मोग, म्हणजे मोग कंपनीचा मॉड्यूलर सिंथ, एका वेळी एकच सूर काढायचा, आणि तोही चढत-उतरत राहायचा. म्हणून त्यांनी आठ ट्रॅकच्या टेपवर एकेक ओळ, कधी कधी तर ओळीचे तुकडे रेकॉर्ड करून रचना बांधल्या. १९७४ मध्ये जपानच्या इसाओ टोमिता यांनी देबुसीचं पियानो संगीत मोगवर रंगवलं. या दोघांनी निवडलेल्या बहुतेक रचना कीबोर्डच्या किंवा वाद्यवृंदाच्या होत्या, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

भारतातही मोग मॉड्यूलर लवकर पोचला. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला, आणि पुढची काही वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांच्यासारख्यांनी तिथे टेपवर काम केलं. त्या टेप कित्येक दशकं संग्रहात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. त्यात गिटार नाही, पण मोगशी आपली ओळख किती जुनी आहे हे त्यावरून कळतं. प्रत्येकाने एकदा तरी ऐकावं असं ते काम आहे.

कीबोर्डचं संगीत सोपं जात असताना गिटारचंच का?

कारण गिटारचं संगीत सुरांपेक्षाही तारांसाठी लिहिलेलं असतं. दुसऱ्या तारेवरचा पाचवा फ्रेट आणि मोकळी पहिली तार हे दोन्ही एकच मी, ३२९.६ हर्ट्झ (सुरांची नावं इथे दो, रे, मी, फा, सोल, ला, सी अशी आहेत; मी म्हणजे इंग्रजी E, सी म्हणजे इंग्रजी B). नोटेशनमध्ये दोघांचं चिन्ह एकच, ऐकायला मात्र ते वेगळे. आणि वाजवताना तर फारच वेगळे, कारण मोकळी तार डावा हात उचलल्यावरही गुंजत राहते, दाबलेली तार बोट काढताच बंद होते. गिटारसाठी लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. कोणती आस कुठवर राहील आणि कोणती तार कोणत्या सुरावर मिटेल, यावरच त्याने रचना बेतलेली असते.

मॉड्यूलरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचा व्हीसीओ आणि स्वतःचा एन्व्हलप देता येतो, तो नवा सूर येईपर्यंत आपल्या गतीने विरत राहतो. गिटारची तार नेमकं हेच करते. म्हणून हे दोघं एकमेकांना शोभतात असं मी मानतो. अट एकच: आवाज तारेनुसार वाटायचे, सुरावटीनुसार नाही. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच एका निर्णयातून निघतात.

तारेनुसार वाटायचं म्हणजे कसं? एक उदाहरण द्या.

'स्पॅनिश रोमान्स' या नावाने ओळखली जाणारी अनामिक रचना घ्या. गिटार हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ती कधी ना कधी वाजवलेली असते. मी (E) मायनर, तीन मात्रांचा बार, प्रत्येक मात्रेत तीन सूर. सुरुवातीच्या बारमध्ये वरची सुरावट पूर्णपणे पहिल्या तारेवर आहे, सातव्या फ्रेटवरच्या सी पासून. तिच्यामागे दरवेळी मोकळी दुसरी आणि मोकळी तिसरी तार येते, आणि खाली मोकळी सहावी तार खर्ज धरते.

सहाव्या मोकळ्या तारेला शून्य व्होल्ट माना. मग पाचवी ०.४१७ वर येते, चौथी ०.८३३ वर, तिसरी १.२५ वर, दुसरी १.५८३ वर आणि पहिली बरोबर २ व्होल्टवर. सुरावटीचा पहिला सूर पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे २.५८३ व्होल्ट. आता गंमत बघा: दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या तारेचे व्हीसीओ सुरुवातीच्या या बारमध्ये हलतच नाहीत. ते हाताने लावून ठेवले की त्यांना फक्त ट्रिगर, म्हणजे सूर सुरू करणारा व्होल्टेजचा क्षणिक इशारा, पुरतो. सीक्वेन्सरचं (ठरवलेली व्होल्टेज क्रमाने देणाऱ्या मॉड्यूलचं) पिच व्होल्टेज लागतं ते एकट्या पहिल्या तारेला. चार आवाज, आणि पिचची वायर एक.

हेच संगीत सुरावट, मधला भाग आणि बेस असं तीन आवाजांत वाटलंत, तर मधल्या आवाजात सी वाजला की त्याच्यामागून येणारा सोल त्याला कापून टाकतो. गिटारवर दोन्ही तारा एकत्र गुंजत असतात. नोटेशन बरोबर वाजलेलं असतं, तरी कानाला सुकं लागतं. मॉड्यूलरवर गिटार यांत्रिक वाटते अशी तक्रार करणाऱ्यांचे पॅच मी पाहतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष इथेच निघतो.

स्पॅनिश बरोक गिटारकार गास्पार सान्झ यांच्या संगीतात तर उतरती सरगमसुद्धा पाठोपाठच्या सुरांना वेगवेगळ्या तारा देऊन वाजते, म्हणजे सूर घंटांसारखे एकमेकांवर चढत जातात. या तंत्राला कांपानेला म्हणतात. एका व्हीसीओवर ती सरगम वाजवली तर कांपानेला उरतच नाही.

मग सहा पूर्ण आवाज लागतीलच का?

आदर्श म्हणाल तर सहा. सुरुवातीला चार पुरतात, कारण बऱ्याच रचनांत एका वेळी दोन-तीन ताराच गुंजत असतात. प्रत्येक आवाजाला एक व्हीसीओ, एक एन्व्हलप आणि एक लो-पास गेट लागतो. लो-पास गेट असेल तर वेगळा फिल्टर आणि व्हीसीए लागत नाही. दोनच आवाज असतील तर कार्लोस यांच्यासारखं ट्रॅकवर ट्रॅक चढवून रेकॉर्ड करा. त्यात कमीपणा नाही. फक्त प्रत्येक ट्रॅक एका तारेचा ठेवा.

तार छेडल्याचा आवाज निव्वळ ॲनॉलॉग मॉड्यूलवर येतो का?

येतो, आणि तो येण्यामागचं कारण मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं.

तार जिथे छेडतो, त्या जागेवर तिचा रंग ठरतो. ब्रिजपासून लांबीच्या एक-पंचमांशावर छेडली, तर पाचवा, दहावा, पंधरावा हार्मोनिक (मूळ सुराच्या तितक्या पट वारंवारतेचा उपसूर) गायब होतो, कारण त्या हार्मोनिकचे स्थिर बिंदू नेमके तिथेच असतात. आता व्हीसीओचा पल्स आउटपुट पाहा. पल्सची रुंदी वीस टक्के ठेवली, तर त्यातूनही पाचवा, दहावा, पंधरावा हार्मोनिकच गायब होतो. हा योगायोग नाही. आदर्श तार छेडल्यावर ब्रिजवर जो जोर पडतो, तो कालानुसार काढला तर पल्सच्याच आकाराचा येतो, आणि त्याची रुंदी छेडण्याच्या जागेइतकीच असते. म्हणजे पल्स विड्थचा नॉब हा तुमचा उजवा हात आहे.

पासष्ट सेंटिमीटरच्या तारेवर तेरा सेंटिमीटरवर छेडलं तर वीस टक्के. ब्रिजला चिकटून, पाच सेंटिमीटरवर, साधारण आठ टक्के. हा पोंतिचेलोचा पत्र्यासारखा आवाज. बाराव्या फ्रेटवर छेडलं तर पन्नास टक्के, म्हणजे स्क्वेअर वेव्ह, आणि तास्तो, म्हणजे फ्रेटच्या पट्टीवर छेडून, वाजवताना येणारा तो पोकळ गोडवा त्यातूनच येतो.

इथे एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. डावा हात वर सरकला की तार आखूड होते, पण उजवा हात तिथेच असतो. तेच तेरा सेंटिमीटर, पण बाराव्या फ्रेटवर दाबलेल्या साडेबत्तीस सेंटिमीटरच्या तारेवर चाळीस टक्के होतात. म्हणून प्रत्येक तारेचं पिच व्होल्टेज थोडं कमी करून तिच्या पल्स विड्थलाही द्या, मोकळ्या तारेला वीस आणि बाराव्या फ्रेटला चाळीस टक्के येईल इतकं. वरचे सूर जाड आणि गोल होतात. इतकं केलं तरी अर्धी गिटार तिथेच उभी राहते.

आणि ते विरणं? एन्व्हलप कसा ठेवायचा?

अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शक्य तितका छोटा, सस्टेन (आवाज धरून ठेवायची पातळी) शून्य, डिके लांब आणि रिलीज छोटा. डिके म्हणजे तारेची स्वतःची आस, रिलीज म्हणजे बोट उचलल्यावरचं मिटणं. म्हणून गेट (सूर चालू ठेवणारा व्होल्टेजचा इशारा, लो-पास गेट नव्हे) बोट दाबलेलं असेपर्यंत चालू ठेवायचा. खर्जाच्या तारांना मी तीन-चार सेकंद डिके देतो, पहिल्या तारेच्या वरच्या फ्रेटला एक सेकंदाच्या आसपास. एन्व्हलपला डिकेचा सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) इनपुट असेल तर पिच व्होल्टेज उलटं करून त्यात घाला, म्हणजे सूर वर जाईल तसा तो लवकर विरेल.

फिल्टरबाबत माझं मत पक्कं आहे: व्हॅक्ट्रोलचा लो-पास गेट. डॉन बुकला यांनी कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात सुरू केलेल्या मॉड्यूलरच्या परंपरेतलं हे मॉड्यूल. व्हॅक्ट्रोलमध्ये एक एलईडी आणि एक प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर समोरासमोर बंद केलेले असतात. एलईडी विझला तरी रेझिस्टर हळूहळू सावरतो, आणि आवाज कमी होता होता वरचे हार्मोनिक आधी जातात. खऱ्या तारेतही वरचे हार्मोनिकच आधी मरतात. साधा व्हीसीए सगळे हार्मोनिक एकदम खाली आणतो, त्यामुळे ऐकताना रेडिओचा आवाज कमी केल्यासारखं वाटतं.

नखाचा स्पर्श हवा असेल तर अगदी छोटा नॉइझ, बँडपास फिल्टरमधून, आवाजात जेमतेम जाणवेल इतका. गिटारच्या पेटीसाठी शेवटी एका मिक्सरवर दोन सौम्य उठाव द्या, शंभर हर्ट्झच्या आणि दोनशे हर्ट्झच्या आसपास. क्लासिकल गिटारच्या पोकळीचा आणि वरच्या फळीचा मुख्य प्रतिसाद साधारण तिथे असतो. तो द्यावाच असं नाही. पेटीशिवायचा कोरडा आवाज सोरच्या एट्यूड्सना (सरावासाठी लिहिलेल्या रचनांना) फार छान शोभतो.

कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीचं काय? ती तर तारेसाठीच आहे ना?

केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत मुळात डिजिटल आहे: छोटा नॉइझ, त्याच्यामागे एक छोटा डिले, आणि डिलेचा आउटपुट फिल्टर करून पुन्हा आत. बाजारात तारेचा आवाज देणारी जी मॉड्यूल्स मिळतात, त्यांतली बरीचशी आतून डिजिटल असतात. आवाज उत्तम, पण इथला प्रश्न ॲनॉलॉगचा आहे.

ॲनॉलॉगमध्ये ते बकेट ब्रिगेड डिलेवर, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यावर सिग्नल एका स्टेजवरून पुढच्या स्टेजवर ढकलणाऱ्या चिपवर, करता येतं. डिले म्हणजे स्टेजची संख्या भागिले क्लॉकची दुप्पट. ८२.४ हर्ट्झच्या सहाव्या तारेला १०२४ स्टेजची चिप घेतली तर क्लॉक साधारण ४२ किलोहर्ट्झ लागतो. पहिल्या तारेला त्याच चिपवर १६९ किलोहर्ट्झ लागेल, जो अनेक चिपना झेपत नाही. पण २५६ स्टेजची चिप घेतली की पहिल्या तारेलाही ४२ किलोहर्ट्झच पुरतो. फीडबॅक जास्त झाला तर तार कधीच विरत नाही, ओरडत सुटते. कमी झाला तर ठप्प. फिल्टरचा स्वतःचा उशीर सूर खाली ओढतो, म्हणून तो कानानेच लावावा लागतो. रियाजासाठी फार शिकवणारा पॅच आहे. कार्यक्रमात मी त्यावर एखादी खर्जाची तार सोपवेन, सहाही नाही.

लिगादो, ग्लिसांदो, व्हिब्रातो, हार्मोनिक्स कसे आणायचे?

लिगादोत डावं बोटच पुढचा सूर काढतं, त्यामुळे नवा ट्रिगर द्यायचा नाही. गेट चालू ठेवून फक्त पिच बदला.

ग्लिसांदोत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना, लोक स्ल्यू (व्होल्टेज हळूहळू बदलणारं मॉड्यूल) लावतात आणि तो व्हायोलिनसारखा तेलकट होतो. गिटारला फ्रेट आहेत, सूर पायऱ्या चढत जातो. म्हणून स्ल्यूच्या पुढे क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणारं मॉड्यूल) लावा, अर्ध्या सुरांवर. लगेच फरक कळतो.

व्हिब्रातोला पाच-सहा हर्ट्झचा एलएफओ (संथ ऑसिलेटर), पण छेडल्यानंतर थोड्या उशिराने आणि अगदी थोडा. मोकळ्या तारेला कधीच नाही. हार्मोनिक्स सोपे आहेत: बाराव्या फ्रेटचा एक व्होल्ट वर, पाचव्याचा दोन व्होल्ट वर, सातव्याचा १.५८५ व्होल्ट वर, आणि वेव्हफॉर्म साइन.

तारेगाचं त्रेमोलो मॉड्यूलरवर वाजवण्यात अर्थ आहे का? यंत्र तर सूर लांबवू शकतं.

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा'मध्ये चारच्या गटात पहिला सूर अंगठ्याचा आणि पुढचे तीन अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी यांचे, एकाच सुरावर. तार सूर धरून ठेवू शकत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा छेडायचा. व्हीसीओ मात्र हवा तितका वेळ सूर धरतो.

तरी सूर लांबवू नका. लांबवला की ती रचना ऑर्गनची होते, आणि अंगठ्याच्या खालच्या सुरांना वरच्या तीन सुरांमध्ये जी मोकळी जागा मिळते ती बुजते. त्रेमोलो वाजवाच, पण नीट. तिन्ही सूर एकाच तारेवर येतात, आणि पुढचं बोट टेकताच तार क्षणभर थांबते. म्हणून प्रत्येक ट्रिगरच्या दहा-पंधरा मिलिसेकंद आधी गेट बंद करा. ती फट नसेल तर तीन सुरांची एकच गुरगुर होते. दुसरं म्हणजे तीन बोटं सारखी नसतात. तीन पायऱ्यांचा छोटा सीक्वेन्स लो-पास गेटला द्या, अनामिकेला जरा कमी, तर्जनीला जरा जास्त. फरक इतका बारीक ठेवा की वेगळा म्हणून ऐकू येणार नाही, पण काढून टाकला तर उणीव जाणवेल.

सीक्वेन्सर वाजवतो, मग वाजवणारा काय करतो?

सीक्वेन्सरला क्लॉक लावला तर काहीच नाही, आणि तसं ऐकूही येतं. गिटारच्या संगीतात रुबातो (लय किंचित ताणणं-आवळणं) नसेल तर तारेगा कवायत होतो.

मी काम असं वाटतो: डावा हात सीक्वेन्सरकडे, उजवा हात माझ्याकडे. सीक्वेन्सरची प्रत्येक पायरी म्हणजे डाव्या हाताची एक पकड, सहा तारांची सहा व्होल्टेज. पायरी पुढे न्यायला पायाखाली स्विच. सूर वाजवायला चार स्पर्शपट्ट्या, क्लासिकल गिटारच्या उजव्या हाताच्या नियमाप्रमाणे: अंगठ्याची पट्टी खालच्या तीन तारांना, तर्जनीची तिसऱ्या तारेला, मधल्या बोटाची दुसऱ्या तारेला, अनामिकेची पहिल्या तारेला. अंगठ्याच्या तीन तारांपैकी कोणती वाजेल ते सीक्वेन्सरचा एक जादा ट्रॅक ठरवतो. मेक नॉइझ कंपनीच्या प्रेशर पॉइंट्स या मॉड्यूलवर अशाच चार पट्ट्या असतात आणि दाबाचं व्होल्टेजही मिळतं. ते लो-पास गेटला दिलं की जोर-हलकेपणा बोटात येतो. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत पट्ट्यांची संवेदना बदलते, कार्यक्रमाच्या आधी ती पुन्हा लावून घ्या.

ज्याने उजव्या हाताचे अर्पेज्यो (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणं) घोटलेले आहेत, त्याला हे पटकन जमतं. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांसाठी गिटार शिकलेली बरीच मुलं आहेत. त्यांनी हे करून बघावं असं मला फार वाटतं.

माझी नायलॉनची गिटार थेट सिंथला जोडून चालेल का?

एकेका सुरासाठी चालेल, पण अडचणी आहेत. नायलॉनची तार मॅग्नेटिक पिकअपला कळत नाही, कंपनं थेट पकडणारा पिएझो पिकअप लागतो. सूर ओळखणाऱ्या सर्किटला तारेची निदान दोन आवर्तनं बघावी लागतात. सहाव्या तारेचं एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं, म्हणजे २४ मिलिसेकंदांचा उशीर ठरलेलाच. दोन तारा एकत्र वाजल्या की सर्किट गोंधळतं. सहा तारांना सहा वेगळे पिकअप हा उपाय आहे, पण खर्चिक. आणि हातात गिटार असेल तर तिचा स्वतःचा आवाज खोलीत असतोच. सिंथ मग मागून धावत येतो.

व्हीसीओ सतत बेसूर होतात. काय करायचं?

वाजवण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवा. व्हीसीओमधलं सर्किट तापमानाला हळवं असतं. भरपाई नसलेल्या सर्किटमध्ये एका अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो, म्हणजे संदर्भ सुरापासून एक सप्तकावर चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पंखा किंवा एसी मधेच चालू करू नका. खोली आधी जशी हवी तशी करून घ्या आणि मग सूर लावा.

सूर लावताना प्रत्येक व्हीसीओ त्याच्या तारेच्या मोकळ्या सुरावर आणि बाराव्या फ्रेटवर, असा दोन ठिकाणी तपासा. तारेनुसार वाटणीचा इथेही फायदा होतो: एका व्हीसीओला पहिल्या तारेच्या एकोणिसाव्या फ्रेटपर्यंत धरलं तरी दीड सप्तकच सांभाळायचं असतं. पूर्ण गिटारची साडेतीन सप्तकं एका व्हीसीओवर टाकली तर टोकाला तो चुकणारच. आणि ‘काप्रीचो आराबे’सारख्या रचनेत सहावी तार रे वर उतरवायची असेल, तर त्या एका व्हीसीओला ०.१६७ व्होल्ट खाली घ्या, एवढंच.

कोणत्या रचनेपासून सुरुवात करू?

माउरो जुलियानी यांच्या ओपस १ मधल्या उजव्या हाताच्या १२० व्यायामांपासून. सगळे दोनच कॉर्डवर आहेत, दो (इंग्रजी C) आणि सोल सेव्हन (G7). म्हणजे व्होल्टेजचे दोनच संच लावायचे, बदलत राहतात ते फक्त ट्रिगर. मॉड्यूलरसाठी याहून चांगली शाळा नाही. एकच आवाज असेल तर फेर्नांदो सोर यांच्या ओपस ६० मधले सुरुवातीचे धडे घ्या. त्यांत बहुतेक एका वेळी एकच सूर असतो. मग रोमान्स. मग व्हिला-लोबोस यांचा पहिला एट्यूड, जो जवळजवळ पूर्णपणे एकाच अर्पेज्योच्या साच्यावर चालतो, त्यामुळे ट्रिगर एकदा लावले की फक्त पकडी बदलतात.

बाख चालेल का? बीडब्ल्यूव्ही ९९६ (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) मधलं बूरे सगळेच वाजवतात.

चालेल, आणि सोपंही जाईल. ते दोन स्वतंत्र ओळींचं आहे, दोन व्हीसीओवर सुरावटीनुसार वाटलं तरी बिघडत नाही. बाखने ते गिटारसाठी लिहिलेलं नव्हतं, म्हणून तारेचा आग्रह तिथे सैल पडतो. पण त्यावर हात बसला म्हणून तीच वाटणी सोर किंवा व्हिला-लोबोसला लावू नका.

पैसे घालण्याआधी करून बघता येईल का?

व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. ते ॲनॉलॉग नाही, पण वाटणी, व्होल्टेज, गेटची वेळ हे सगळं त्यावर तंतोतंत जुळवता येतं. चार तारांचा पॅच तिथे मनासारखा वाजला की मगच मॉड्यूल्सची यादी करा. नाहीतर रॅक भरतो आणि चौथा एन्व्हलप कमी पडतो.

विजेबद्दल काही काळजी?

मॉड्यूलला वीज देणाऱ्या रिबन केबलची लाल कडा उणे १२ व्होल्टकडे. प्रत्येक मॉड्यूल लावताना बघा, सवयीवर सोडू नका. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे छोटा यूपीएस न्या. वीज दोन मिनिटांसाठी गेली तरी व्हीसीओ थंड होऊ लागतात आणि सूर पुन्हा तपासावे लागतात.

या रचना वाजवायला परवानगी लागते का?

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. सोर १८३९ मध्ये गेले, तारेगा १९०९ मध्ये. त्यांचं संगीत मोकळं आहे. व्हिला-लोबोस १९५९ मध्ये गेले, म्हणजे हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचना इथे २०२० पासून मोकळ्या झाल्या. मात्र ज्या देशांत ही मुदत ७० वर्षांची आहे, तिथे त्या अजून बंद आहेत, त्यामुळे रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकताना हे ध्यानात ठेवा. गिटारसाठी लिहिणारे आणखी दोघे: रोद्रिगो १९९९ मध्ये गेले, लिओ ब्राउवर यांचा जन्म १९३९चा. या दोघांच्या रचनांची मांडणी बदलायची तर प्रकाशकाची परवानगी घ्या, आणि जाहीर कार्यक्रमासाठी मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आधी चौकशी करा. जुन्या रचनेच्या नव्या आवृत्तीत संपादकाने घातलेली बोटांची खूण आणि बदल यांच्यावर वेगळा हक्क असू शकतो. तारेनुसार वाटणी करताना आपण नेमक्या त्याच खुणा वाचत असतो, म्हणून शक्य तिथे मूळ जुनी आवृत्ती घ्या आणि कोणता सूर कोणत्या तारेवर ते स्वतः गिटार हातात घेऊन ठरवा.